ओली पट्टी

"सुकली का जी, बाई?"

हा प्रश्न रोज सकाळी आठ वाजून दहा मिनिटांनी यायचा. मी ड्रेसिंगची ट्रॉली ढकलत अकरा नंबरच्या खाटेशी पोचायचे, पट्टीला कात्री लावायचे, आणि आतला गॉज निघायच्या आधीच द्वारकाबाई खाटेच्या पायथ्याशी उभ्या राहून विचारायच्या.

"अहो, आधी उघडू तर द्या," मी म्हणायचे. "भाताचं पातेलं आहे का हे, झाकण काढलं की तयार?"

त्यांचा नवरा, मोतीराम निनावे, उशीवर मान टेकून हसायचा. हसताना तोंडावर टॉवेल धरायचा, कारण पुढच्याच क्षणी मी गॉज उचलणार आणि त्याला ओरडावंसं वाटणार, हे त्याला ठाऊक असायचं.

गॉज उचलला की खाली नडगी दिसायची. गुडघ्याखाली वीतभर लांब, चार बोटं रुंद अशी जागा. तिथे कातडी नाही, मांस नाही, मधोमध उघडं हाड. सोललेल्या उसाच्या कांड्यासारखं पांढरट, ओलसर. मोतीराम विणलेल्या साड्या सायकलवर लादून निघाला होता आणि ट्रॅक्टरच्या ट्रॉलीचं चाक पायावरून गेलं. हाड मोडलं नाही. फक्त त्याच्यावरचं सगळं सोलून गेलं.

"मोडलं असतं तं जोडलं असतं ना जी?" द्वारकाबाईंनी पहिल्याच दिवशी विचारलं होतं. "हे तं मोडलंच नाही. मंग इतकं काय?"

इतकं काय, ते डॉक्टर कोलत्यांनी सांगितलं. डॉक्टर कोलते म्हणजे आमच्या वॉर्डातले शिकाऊ सर्जन. वय सव्वीस, चालणं घाईचं, बोलणं त्याहून घाईचं. उघड्या हाडावर कातडी लावता येत नाही, ती धरत नाही. दुसरीकडचं मांस आणून बसवावं, तर मोतीरामला साखरेचा आजार, पायाच्या शिरा खराब, मोठ्या डॉक्टरांनी नको म्हटलं होतं. उरला एकच मार्ग. चारी बाजूंनी लाल मांस हळूहळू सरकत हाडावर यायला हवं. तीन आठवड्यांत आलं तर वर कातडी लावू. नाही आलं तर पाय गुडघ्याखालून काढावा लागेल.

एवढं सगळं एका दमात सांगून डॉक्टर पुढच्या खाटेकडे गेले. द्वारकाबाई माझ्याकडे बघत राहिल्या. त्यांना काहीच कळलं नव्हतं. मग मी, रामटेके सिस्टर, वीस वर्षांच्या नोकरीची, पेशंटशी त्यांच्या भाषेत बोलण्यात दवाखान्यात एक नंबर, पुढे झाले आणि सोप्या शब्दांत सांगितलं.

"हे बघा, जखम सुकली की घरी. नाही सुकली तर पाय जाईल. आणि पट्टीला तुम्ही हात लावायचा नाही. समजलं?"

"समजलं जी," त्या म्हणाल्या.

मला माझंच कौतुक वाटलं होतं.

पाय जाणं म्हणजे काय, ते मला मोतीरामने समजावलं. ते आंधळगावाकडचे, कोशाच्या, म्हणजे टसर रेशमाच्या, साड्या विणणारे. हातमाग जमिनीत खणलेल्या खड्ड्यावर असतो. विणकर काठावर बसतो, पाय खाली सोडतो, खड्ड्यात दोन पावड्या असतात. एक दाबली की अर्धे धागे वर, दुसरी दाबली की उरलेले अर्धे. मधून धोटा पळतो.

"एका पायावर माग चालत नाही बाई," तो म्हणाला. "लंगडा माणूस दुकान चालवन, शेत राखन. माग नाही."

"आन मागाशिवाय ह्यायले काही येत नाही," द्वारकाबाई म्हणाल्या. "साधा चहा मांडता येत नाही."

त्या काळात डॉक्टर कोलत्यांचा एक अभ्यास चालू होता, मोठ्या परीक्षेसाठी. हाड उघडं पडलेल्या जखमांवर कोणती पट्टी चांगली? एकीकडे आमची जुनी ओली पट्टी: सलाइनमध्ये भिजवलेला गॉज, दिवसातून तीनदा बदलायचा. दुसरीकडे नवं यंत्र: जखमेवर स्पंज, वरून प्लास्टिक, त्याला नळी, आणि नळीतून जखमेतलं पाणी ओढून बरणीत जमा करणारी मशीन. कोणाला काय मिळणार ते बंद पाकिटातल्या चिठ्ठीवर ठरायचं. डॉक्टरांनाही निवडता यायचं नाही. अकरा नंबरला निघाली ओली पट्टी. शेजारी बारा नंबरला जब्बारभाई होते, ट्रक ड्रायव्हर, त्यांचीही नडगी तशीच उघडी. त्यांना निघाली मशीन.

"दुसरी चिठ्ठी काढता येत नाही का जी?" द्वारकाबाईंनी विचारलं.

"लग्नाच्या चिठ्ठ्या आहेत का, मुलगी पसंत नाही म्हणून दुसरी काढायला?" मी म्हटलं. "आणि काळजी नका करू. माझी पट्टी मशीनला हरवते की नाही बघा."

खरंच मला तसं वाटत होतं. डॉक्टर कोलत्यांना मी रोज चिडवायचे, "डॉक्टर, तुमची मशीन लाइट गेली की झोपते. माझी पट्टी जागी असते." ते पारदर्शक कागद जखमेवर धरून स्केचपेनने कडा आखायचे आणि म्हणायचे, "आकडे बोलतील, सिस्टर."

पहिल्या आठवड्यात आकडे माझ्या बाजूने बोलले. सहाव्या दिवशी अकरा नंबरच्या जखमेच्या कडेला लाल दाणे दिसले. बारीक, ओले, तुकतुकीत. डाळिंब फोडल्यासारखे. आठव्या दिवशी ते हाडाच्या काठाला टेकले. मी मोतीरामला मान वर करून बघायला लावलं.

"हे लाल दिसतंय ना? हेच पाहिजे. हे असंच वर चढणार."

त्याने बघितलं, पण त्याचं लक्ष चिमट्यातल्या गॉजकडे गेलं. हात लांबवून त्याने कोपरा बोटांत धरला, उजेडाकडे केला.

"हे कोणं विणलं?" तो म्हणाला. "एका इंचात अठरा धागे बी नाहीत. याच्यात पाणी कसं ठरन?"

"म्हणून तर तीनदा भिजवतो."

तो काहीतरी बोलणार होता, पण मला पुढे चौदा ड्रेसिंग होती. मी ट्रॉली ढकलली. बारा नंबरला मशीनचा स्पंज बदलण्याचा दिवस होता. जब्बारभाईंची जखमही छान लाल होती. नेहमीसारखं मी मोठ्याने म्हटलं, "वा जब्बारभाई! सुकत आली की!"

मागे द्वारकाबाई उभ्या होत्या. त्या जब्बारभाईंची जखम बघत नव्हत्या. खाली ठेवलेल्या बरणीतलं पाणी बघत होत्या.

"ह्यायची सुकली," त्या म्हणाल्या. "आमची काहून नाही सुकत जी?"

"सुकेल हो. तुमचीही सुकेल. धीर धरा जरा."

अकराव्या दिवशी सकाळी गॉज उचलायला गेले तर तो कडेला किंचित चिकटला होता. चिकटायला नको. तीनदा भिजवलेला गॉज अलगद निघायला हवा. बाराव्या दिवशी दाण्यांची तुकतुकी गेली होती. चौदाव्या दिवशी हाड वेगळंच दिसलं. ओलसर पांढरं नाही, मळकट, खडूसारखं. डॉक्टर कोलत्यांनी कागद धरला, आखलं, मागच्या कागदाशी जुळवलं. रेघ पुढे सरकायच्या जागी मागे आली होती.

"सिस्टर, पट्टी वेळेवर बदलली जाते ना?"

मला मिरच्या झोंबल्या. सकाळची आठची आणि दुपारी दीडची मी स्वतः करत होते. संध्याकाळची सातची सोनटक्के सिस्टरकडे होती. तीन वर्षांच्या नोकरीची पोरगी, दुपारी दोननंतर चाळीस पेशंटांना एकटी. मी दोनच्या आधी तिला स्टोअररूममध्ये गाठलं.

"तू पट्टी भिजवतेस की नुसती वही भिजवतेस?"

"मॅडम, देवाशप्पथ, रोज करते मी. संध्याकाळी उघडते तेव्हा ओलीच असते."

"ओली असते तर हाड कोरडं कसं पडलं? हवेनं?"

ती रडायला लागली. मी आणखी बोलले. काय काय बोलले ते आज लिहायची लाज वाटते. रागाच्या भरात एक गोष्ट मात्र माझ्या ध्यानातच आली नाही. मी पट्टीचं टोक फाडून त्याची फुलगाठ मारायचे, आणि सोनटक्के चिकटपट्टी लावायची. पण गेल्या तीन-चार दिवसांत, तिची सातची पट्टी कधी राहून गेली की, सकाळी मला त्या पायावर तिसरीच गाठ दिसत होती. इवलीशी, चपटी, बोट फिरवलं तरी न लागणारी. दिसत होती, मी कात्रीने कापत होते, आणि पुढे जात होते.

सोळाव्या दिवशी मोतीरामला ताप भरला. जखमेला वास यायला लागला. द्वारकाबाईंनी जेवण सोडलं. डबा यायचा तसा जब्बारभाईंच्या बायकोला द्यायच्या. मी ओरडले तर म्हणाल्या, "गळ्याखाली उतरत नाही बाई. पाच दिवस राहिले ना फक्त?" त्यांनी बोटांवर मोजून ठेवलं होतं. मीही मोजत होते. दीड वाजता पट्टी करताना मी सलाइनची अख्खी बाटली ओतली. चादर भिजली. मोतीराम दात खाऊन पडून होता.

"आनखी ओली केली?" द्वारकाबाई हलक्या आवाजात म्हणाल्या. त्यांचा चेहरा रडवेला झाला होता. मला वाटलं, नवऱ्याला दुखतंय म्हणून.

सतराव्या दिवशी दोनला ड्युटी संपली आणि मी घरी गेले नाही. सोनटक्के काय करते ते बघायचं, आणि सापडली तर तिला मेट्रनपुढे उभं करायचं ठरवलं. कॅन्टीनमध्ये वेळ काढला. तीन वाजता वॉर्डात शिरले. भेटीची वेळ नव्हती, पंखे घरघरत होते, अर्धे पेशंट झोपलेले. सोनटक्के दाराशीच एका म्हाताऱ्याला सुई लावत होती. अकरा नंबरभोवती हिरवा पडदा ओढलेला होता.

"पडदा कशाला?" मी विचारलं.

"त्यांना उजेडात झोप येत नाही म्हणे. आठवडाभर रोज दुपारी मागतात."

मी पडदा बाजूला केला.

खाट खिडकीकडे सरकवलेली होती. गजांतून उन्हाचा पट्टा आत येत होता आणि त्यात मोतीरामचा पाय, उशीवर उंच ठेवलेला, पूर्ण उघडा. खिडकीच्या गजांवर माझा ओला गॉज वाळत घातला होता, पट्टी घडी करून बाजूला. द्वारकाबाई सलाइनच्या खोक्याचा पुठ्ठा घेऊन जखमेला वारा घालत होत्या. एकसारखा, मन लावून. मोतीरामने टॉवेलचा बोळा तोंडात धरला होता आणि डोळ्यांतून पाणी वाहत होतं. पण पाय त्याने हलवला नव्हता.



द्वारकाबाई दचकल्या नाहीत. चोरी पकडली गेल्यासारख्या दिसल्या, पण फार नाही. थकल्या होत्या.

"रागावू नका बाई," त्या म्हणाल्या. "तुमच्यावर बोलणं येऊ नये म्हणून सहा वाजता परत भिजवून बांधत होतो. तुमचा काय दोष? डॉक्टरचा हुकूम आहे, तुमाले ओली करावी लागते. पण ओली ठेवली तं सुकन कशी? ह्या जब्बारभाईच्या जखमेतलं पाणी मशीन ओढते, त्यायची सुकली. आमच्या जखमेत तुमी दिवसातून तीनदा पाणी ओतता. मी रोज सुकवतो, सकाळी तुमी परत ओली करता. मी किती सुकवू जी?"

"कोणी सांगितलं तुम्हाला सुकवायला?" माझा आवाज मलाच ओळखू आला नाही.

त्यांनी माझ्याकडे नवलाने बघितलं.

"तुमीच तं म्हणलं. सुकली की घरी. नाही सुकली तं पाय जाईल."

पुठ्ठा अजून हलत होता. मी तो त्यांच्या हातातून काढून घेतला. मग गजांवरचा गॉज काढला. तो कडक झाला होता, पापडासारखा. ट्रेमध्ये सलाइन ओतून नवा गॉज भिजवला, हाडावर ठेवला.  त्या हाडावर आता किती पाणी घातलं तरी उपयोग नाही, हे वीस वर्षांच्या नोकरीत मला कळत होतं. उघडं हाड ओलं राहिलं तरच जगतं. वाळलं की मरतं. मेलेल्या हाडावर मांस चढत नाही. एवढी एकच गोष्ट होती सांगायची, आणि तीच मी सांगितली नव्हती.

पट्टीचं टोक बांधायला माझी बोटं चालेनात. द्वारकाबाई पुढे झाल्या, दोन टोकं घेतली, आणि डोळ्याचं पातं लवायच्या आत गाठ मारली. इवलीशी, चपटी. तुटलेला धागा सांधायची गाठ.

एकोणिसाव्या दिवशी सकाळी मोठ्या डॉक्टरांनी जखमेत नुसतं बोट फिरवलं आणि मान हलवली. विष वर चढत होतं. एकविसाव्या दिवसाची वाट बघण्यात आता जिवाला धोका होता.

डॉक्टर कोलते फॉर्म घेऊन नर्सेसच्या टेबलाशी आले. अभ्यासाचा फॉर्म. मी त्यांना सगळं सांगितलं होतं, म्हणजे पडदा, ऊन, पुठ्ठा, वाळत घातलेला गॉज. कोणाच्या शब्दावरून हे झालं, ते मात्र सांगितलं नव्हतं.

"ही केस मोजता येणार नाही," ते म्हणाले. त्यांचाही चेहरा उतरला होता. "तुमची पट्टी हरली नाही, सिस्टर. कारणाच्या रकान्यात लिहावं लागेल." आणि त्यांनी इंग्रजीत लिहिलं: नातेवाइकाने सूचना पाळल्या नाहीत.

मी वाचलं. पेन माझ्यासमोर होतं. "सूचनाच चुकीची दिली होती," एवढं मला म्हणता आलं असतं. मी म्हटलं, "ऑपरेशनच्या संमतीची सही कोण घेतंय?"

"तुम्हीच घ्या. तुमचं ऐकतात त्या."

द्वारकाबाईंना सही येत होती. तीन अक्षरं, द्वा-र-का, एकेक दाबून काढलेलं. सही झाल्यावर पेन परत देताना त्यांनी विचारलं, "माझ्यानं झालं का, बाई?"

"नाही," मी म्हटलं.

"खरं सांगा."

"खरंच नाही. हाडाला चाकानंच मार बसला होता. आधीच मेलं होतं ते."

त्यांनी माझा हात धरला आणि कपाळाला लावला. तो हात मला आजही नकोसा वाटतो.

ऑपरेशननंतर आठव्या दिवसाची गोष्ट. द्वारकाबाई खाली औषध आणायला गेल्या होत्या. मी मोतीरामच्या कापून उरलेल्या पायाचं ड्रेसिंग करत होते. आता तोंडावर टॉवेल नव्हता. तो छताकडे बघत होता.

"बाई, एक विचारू? माग खड्ड्यात काहून असते, मालूम आहे?"

"नाही."

"मातीत ओल असते. खालून ओल लागली की सूत नरम राहते. उन्हाळ्यात तं आमी खड्ड्यात पाणी शिंपतो, मागावर ओला फडका टांगतो. सूत वाळलं की तुटते. पोटात असल्यापासून मालूम आहे आमाले हे. तिले बी. हाड बी तसंच असते का?"

माझ्या हातातला चिमटा तसाच राहिला. सांगायला दोन मिनिटं लागली असती. दोन मिनिटंसुद्धा नाहीत. मागासारखं आहे, ओलं ठेवायचं, एवढंच. या दोघांइतकं ते कोणालाही पटलं नसतं. रात्रंदिवस त्यांनी ती पट्टी ओली ठेवली असती, माझ्याहून चांगली.

"हो," मी म्हटलं. "तसंच असतं."

"मले वाटलंच. ती वारा घालत होती, तवा आतून ठणकायचं. सूत तुटताना ताण येते ना, तसं. मी म्हणलं, बाईनं सांगितलं, तं बरोबरच असन." त्याने डोळे मिटले. "तिले सांगू नका. ती जगणार नाही."

"माझी चूक होती, निनावे. मी सुकली म्हणाले."

"आता तुमची म्हना का तिची म्हना," तो म्हणाला. "पाय तं माझा होता."

त्याच्या आवाजात राग नव्हता. राग असता तर बरं झालं असतं.

त्या दिवसापासून मी तो शब्द वॉर्डात वापरलेला नाही. मराठीत दुसरा शब्द होताच की. जखम भरली म्हणतात. माझी आजी तेच म्हणायची. पुढे मी नर्सिंगच्या मुलींना शिकवायला लागले तेव्हा कोणी "सुकली" म्हटलं की मी त्यांना वर्गाबाहेर काढायचे. त्यांना वाटायचं, म्हातारी सटकलीय. कारण मी कधी सांगितलं नाही. सोनटक्केची माफी मागितली, तीही कारण न सांगता. डॉक्टर कोलत्यांचा अभ्यास छापून आला, त्यांनी मला एक प्रत दिली. त्यात तळाशी बारीक अक्षरांत एक पेशंट वगळल्याची नोंद आहे, कारणासकट. ते कारण अजूनही तेच आहे.

घरी जायच्या दिवशी द्वारकाबाईंनी गाठोडं बांधलं. मोतीराम नव्या कुबड्यांवर उभा होता, अजून तोल सावरत. त्याला खाटेवर बसवून मी शेवटचं ड्रेसिंग उघडलं. टाके स्वच्छ होते, कातडी जुळून आली होती, कुठे लाली नाही की पू नाही. द्वारकाबाई पायथ्याशी येऊन उभ्या राहिल्या. घड्याळात आठ वाजून दहा मिनिटं झाली होती.

"सुकली का जी, बाई?"

मोतीरामने माझ्याकडे बघितलं.

"भरली," मी म्हटलं. "छान भरली."

त्यांना तो शब्द पुरेसा वाटला नाही. त्यांनी वाकून, पहिल्यांदाच माझ्यादेखत, त्या जागेवरून बोट फिरवलं. कोरडं लागलं. मग नवऱ्याकडे वळून, इतक्या दिवसांत पहिल्यांदा, हसल्या.

"सुकली," त्या म्हणाल्या. "पाहा. म्हणलं होतं ना बाईनं, सुकली की घरी."